माझी फांदी बदलली कोणी?

…नाही ना ठेवला! एकानेही विश्वास ठेवला नाही! मी घसा फोडून सांगतेय की टाकीतली फांदी बदललीय, माझी काढून नेलीय आणि तिच्या जागी कोणीतरी भलतीच खोचलीय, आणि घरातलं माणूस मला काय विचारतं? "चहा झाला का?" आता चोरी झालेल्या घरात कोणी चहा विचारतं का हो? तुम्ही विचाराल? दागिना गेला असता तर अख्खी इमारत जिन्यात जमली असती, फांदी गेली तर कोणी पायात चप्पलसुद्धा घालेना! वर मलाच ऐकवतात, "तुझा स्वभावच तसला." म्हणजे चोर मोकळा, नेणारा मजेत, आणि संशयी कोण? तर मी!

थांबा, तुम्हाला टाकीपासूनच सांगते. नाहीतर तुम्हीही इथे माना डोलवाल आणि घरी जाऊन हसाल. मला कळतं कोण कशी मान डोलवतं ते.

तर आमच्याकडे माशांची टाकी आहे. लेकीने हौसेने आणली, मग लेक सासरी गेली आणि टाकी इथेच राहिली. जाताना म्हणाली, "आई, मासे सांभाळ हं." मी म्हटलं, तुला सांभाळलं ते पुरे झालं, हे तुझ्या बाबांकडे दे. आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक होते. आयुष्यभर लोकांना वर-खाली केलं, आता घरी बसलेत ते खुर्ची टाकून माशांचं वर-खाली बघत बसतात. बायको समोरून गेली तर दिसत नाही, मासा जरा तिरका पोहला की लगेच काळजी! "याला बरं नाही वाटतं." अहो, माझी कंबर धरून तीन दिवस झाले होते, तेव्हा कोण तिरकं चाललंय हे दिसलं नाही का?

आणि मी कपडे दुरुस्तीचं काम करते. पँटची चेन बदलणं, बाही आखूड करणं, कंबरेत सोडून देणं. कंबरेत धरायला सहसा कोणी येत नाही, सगळे सोडायलाच येतात. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण नजर अशी की उसवलेली शिवण बघून सांगेन, ही पहिल्यांदा कोणाच्या हातची होती आणि त्या दिवशी तो कोणाशी भांडून बसला होता. माझं मशीन टाकीच्या शेजारीच. म्हणजे सगळं माझ्या नजरेसमोर. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे मला हेच विचारणार आहेत, "मग तुमच्या नजरेसमोरून गेली कशी?"

आता टाकीत फांद्या लावायची अक्कल मात्र माझी. यांचं नाव कोणी घेऊ नका. मासे त्या पाण्यात खातात, पितात, आणि पुढचं सगळंही तिथेच करतात, त्यामुळे ते पाणी झाडाला असं काही मानवतं की विचारू नका! फांदीचं शेपूट पाण्यात, पानं वर हवेत, आणि काठाला कपडे वाळत घालायचा चिमटा. बस! कुंडी नको, माती नको, पाणी घालायची आठवण नको. हां हां म्हणता पांढऱ्याशुभ्र मुळ्या सुटतात, मासे त्यात लपाछपी खेळतात. इमारतीतल्या बायका फांद्या मागायला यायला लागल्या. मी दिल्या. सगळ्यांना दिल्या. आता पस्तावतेय, कारण ज्याला घराची वाट दाखवली त्यालाच घरातलं काय कुठे आहे ते कळतं, नाही का?

पण बाकीच्या फांद्या गेल्या असत्या तर मी हूं की चूं केलं नसतं. ही फांदी आईची होती.

आई गेली. तिच्या खिडकीत एक वेल होती, घराघरांत असते तीच हिरवी वेल, पण आईच्या वेलीची पानं कशी, हिरव्यावर कोणीतरी दुधाचा हात झटकल्यासारखी. एकेक पान वेगळं. लांबून बघितलं तरी ओळखावं, ही आमच्या आईची. आई ती कोणाला द्यायची नाही. मी मागितली तर म्हणायची, "अजून जून होऊ दे." मग आई गेली, आणि घर, खिडकी, कुंडी सगळं दादा-वहिनीकडेच राहिलं. ते तिथेच राहतात, राहू दे, मला काही नको होतं. खोटं कशाला बोलू, आईचं शिवणाचं मशीन हवं होतं… पण ते असो. निघताना वहिनीने वेलीची एक फांदी तोडली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्या हातात ठेवली. "ताई, जपा हं." मला सांगते जपा! माझ्या आईची वेल, आणि मला सांगते जपा!

आईचं म्हणून माझ्याकडे तेवढंच. दुसरं काही नाही. ती फांदी धरली तर आई आमच्याही खिडकीत, नाही धरली तर आई कायमची वहिनीच्या खिडकीत. आता सांगा, मी डोळ्यात तेल घालून बसणार की नाही? फांदी टाकीत लावली, चिमटा लावला, आणि देठाला लाल दोरा बांधला. माझी गाठ. ती गाठ माझ्याशिवाय कोणाला येत नाही.

मुळ्या सुटल्या. मी खूश. हे म्हणाले, "बघ, मासे किती खूश आहेत." बरं बाबा, तेही खूश.

मग नवीन पान आलं. हिरवं.

म्हटलं असू दे, लहान आहे, मोठं झालं की दूध उतरेल अंगावर. दुसरं आलं, हिरवं. तिसरं आलं ते तर असं हिरवंकच्च की पोपटाने लाजावं! आणि आईकडून आलेली जुनी पांढऱ्या शिंतोड्यांची पानं होती, ती एकेक पिवळी पडून गळाली. म्हणजे पुरावाही गेला! टाकीत उरली कोण? कुठल्याही दवाखान्यात, बँकेत, केस कापायच्या दुकानात लोंबत असते ती साधी हिरवी वेल. आणि देठाला दोरा माझा. गाठ माझी!

हे म्हणाले, "दोरा तोच आहे ना? मग फांदीही तीच."

मी म्हटलं, अहो, तिथेच तर चोर हुशार निघाला! त्याने गाठ शिकून घेतली!

"गाठ शिकून घेतली? एका पानासाठी?"

पान म्हणे! आणि परत, "चहा झाला का?" मी म्हटलं चहा नंतर, आधी मला सांगा, टाकीचा दिवा का बंद असतो? तर म्हणतात, "दिवा लावला की काचेला शेवाळ धरतं. घासायचं कोणी? शिवाय माशांना झोप लागत नाही." बघा! म्हणजे दिवसभर टाकी अंधारात. आणि चोरी कशात होते? उजेडात होते का? यांनी माशांच्या झोपेसाठी चोराची सोय करून ठेवली, आणि संशयी कोण? तर मी!

पण यांच्यावर संशय घेऊन काय करणार? यांना चोरी करायला खुर्चीतून उठावं लागलं असतं. यांना मी सोडून दिलं.

मग माझं लक्ष गेलं टाकीवाल्याकडे. मधूनमधून येतो, पाणी बदलतो, गाळणी धुतो. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बादली घेऊन येतो आणि बादली घेऊन जातो. बादली घेऊन जातो! त्या बादलीत काय जातं ते कधी कोणी बघितलंय? मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, बादली खाली ठेव.

"ताई, घाण आहे त्यात."

म्हटलं, चोर असंच म्हणतो.

"ताई, खरंच माशांची घाण आहे, हात नका घालू…"

घातला. घाण होती. पण मी अर्ध्यावर सोडणारी बाई नाही, मी तळापर्यंत हात घातला, की वर घाण आणि खाली माल असं तर नाही? खाली… अजून घाण होती. बरं. तो बिचारा साबण शोधून द्यायला लागला, म्हणाला, "ताई, मी माशांच्या दुकानात काम करतो, झाड नेऊन मी काय करू?" मी म्हटलं, ते मला काय माहीत, तुझं तुला ठाऊक. हे खुर्चीतून म्हणाले, "सॉरी म्हण त्याला." मी नाही म्हटलं. उद्या तोच निघाला तर सॉरी परत कोण देणार?

लेकीला फोन केला. म्हटलं, लेक तरी माझी आहे. ती म्हणते, "आई, कॅमेरा लावून घे."

म्हटलं, तुझे बाबा आहेत ना दिवसभर टाकीसमोर.

"मग बाबांना चोर दिसला असता ना!"

म्हटलं, तुझ्या बाबांच्या समोरून हत्ती टाकी सोंडेत धरून गेला तरी ते त्याला विचारतील, माशांना खायला घातलंस का? लेक हसली. खळखळून हसली! आजीची फांदी गेली आणि नात हसते. मी फोन ठेवला. नंतर मनात आलं, ही इतकी का हसली? मागच्या वेळी आली तेव्हा हिच्याकडे ती मोठी पिशवी होती ती कशाची?… जाऊ दे. पोटची आहे. तिलाही सोडली. पण पिशवी मोठी होती.

आणि मग समोरच्या दारातली नर्सबाई. एकटी राहते, कधी दिवसा कामाला, कधी रात्री, म्हणजे कधी येते कधी जाते पत्ता नाही. बोलायला गोड. अति गोड. माझ्याकडे गणवेशाची पँट आखूड करायला दिली होती. मी पँट द्यायच्या निमित्ताने तिच्या घरात शिरले, आणि काय बघते? तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत… शिंतोड्यांची वेल! हिरव्यावर दूध! चांगली डवरलेली, खाली लोंबणारी!

मी पँट ओट्यावर टाकली आणि सरळ वेलीला हात घातला. नर्सबाई धावत आली, "काकू, काय करताय?"

म्हटलं, माझ्या आईला घरी नेतेय!

"काय?"

म्हटलं, साळसूदपणा पुरे, मी बोलले नाही म्हणजे मला दिसत नाही असं समजू नकोस, आणि दिला हिसडा, तर अख्खी वेल कुंडीतून सुळकन बाहेर! मुळ्या नाहीत! माती नाही! खाली एक पिवळा चुरमुऱ्यासारखा गोळा!

"काकू, ती प्लास्टिकची आहे."

मी पान चिमटीत धरून बघितलं. प्लास्टिकचंच. पण म्हणून मी गप्प बसले का? मी विचारलं, एवढी चांगली नोकरीवाली बाई तू, खिडकीत उजेड एवढा, मग प्लास्टिकची का ठेवलीस? कोणाची जागा धरून ठेवलीस? ती म्हणाली, "काकू, मला पाणी घालायला वेळ होत नाही." असं म्हणाली आणि तिने माझा हात धरून मला खुर्चीत बसवलं, मनगटाला बोटं लावून नाडी बघायला लागली! माझी नाडी! मी वेडी झाले असं समजली ती! प्लास्टिकची झाडं पाळणारी ती, आणि संशयी कोण? तर मी!

त्यानंतर इमारतीत एकदम शांतता पसरली. फांदी मागायला कोणी येईना. गिऱ्हाईकंही दारातूनच कपडे देऊन पळायला लागली, कारण एक-दोनदा मी पँटचे खिसे उलटे करून बघितले. बघितले तर काय झालं? खिसे उलटे केल्याशिवाय चेन नीट बसत नाही. निदान माझ्या हाताला तरी बसत नाही.

आणि असंच एकदा मशीनवर बसलेली असताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई! चोरी इकडे झालीच नाही! चोरी तिकडेच झाली! वहिनीने मला फांदी दिली तीच मुळात खोटी! वर शिंतोड्याची पानं दाखवायला, आत देठ हिरवा! कापडाच्या दुकानात नाही का, वरची घडी झकास आणि आतला तागा डाग लागलेला? तोंडाला पानं पुसली माझ्या! आणि मी गरीब टाकीवाल्याच्या बादलीत हात घालत बसले!

उठले. फांदी टाकीतून काढली, ओल्या फडक्यात गुंडाळली, बस पकडली. हे म्हणाले, "कुठे?" म्हटलं, चोर पकडायला. म्हणाले, "येताना दूध आण."

दार दादाने उघडलं. माझा चेहरा बघितला आणि तो आत जाऊन जो बसला तो मी असेपर्यंत बाहेर आला नाही. मी तरातरा सरळ आईच्या खोलीत. आईची खिडकी, आईची कुंडी, आणि कुंडीसमोर वहिनी उभी. वेल अशी फुललेली, पान न् पान दुधाळ. माझा जीव एकदम असा… नाही, ते तुम्हाला नाही सांगत. मी फडकं सोडलं आणि फांदी तिच्या पुढ्यात आपटली. म्हटलं, वहिनी, ही घ्या तुमची हिरवी! माझ्या आईची मला परत द्या!

तिने फांदी उचलली, उजेडात धरली, फिरवून बघितली. म्हणाली, "अगंबाई, ताई, हिरवी पानं खुडली नाहीत तुम्ही?"

म्हटलं, खुडायची? आलेलं पान खुडायचं? कोण खुडतं?

"पूर्ण हिरवं पान आलं की लगेच खुडायचं ना, मागे पांढरं पान असेल त्या पेरापर्यंत. नाहीतर हिरवं जोर धरतं आणि मग सगळी वेल हिरवीच होते. आणि उजेड भरपूर लागतो हिला. अंधारात ठेवली होती का?"

असं म्हणत म्हणत तिने समोरच्या कुंडीतलं एक कोवळं हिरवं पान नखाने टचकन खुडलं. बघितलंही नाही, हातानेच शोधलं आणि खुडलं. आणि तो हात… तुम्हाला सांगते, अंगठा असा बाहेर, करंगळी अशी वर… आई करायची अगदी तसाच. मला वाटायचं आई खिडकीपाशी उभी राहून नुसती रस्त्यावरची माणसं बघतेय! जन्मभर वाटत आलं!

मी विचारलं, तुम्हाला हे कोणी शिकवलं?

"आईंनी."

आईंनी! माझ्या आईने! हिला शिकवलं! मला नाही! मी पोटची, मी हिच्या आधीपासूनची, मला कधी चकार शब्द नाही, आणि लग्न होऊन घरात आलेल्या बाईला खिडकीत उभं करून धडे! मी म्हटलं, वहिनी, खोटं बोलताय. आईने तुम्हाला सांगितलं असतं तर मलाही सांगितलं असतं.

वहिनी वेलीवरची धूळ पुसत बसली. मी म्हटलं, बोला ना, आता का गप्प? कुठे पाणी मुरतंय?

तर ती म्हणाली, "ताई, रागावू नका. मी त्यांना म्हटलं होतं, ताईंनाही दाखवा. त्या म्हणाल्या, तिला नको. मी तिला आलेली पानं तोडायला सांगितली, की ती म्हणेल, आई मला झाड बोडकं करायला सांगते, म्हणजे भरगच्च वेल वहिनीला द्यायची असेल."

हुबेहूब आईच्या आवाजात म्हणाली. तोच तो खालचा सूर.

आता तुम्हीच सांगा, मी असं म्हटलं असतं का? तुम्ही मला एवढ्या वेळापासून ऐकताय, तुम्हाला वाटतं मी असं काही…

बरं, म्हटलं असतं. म्हटलंच असतं! पण म्हणून सांगायचंच नाही? सांगून तर बघायचं! भांडले असते, चार दिवस फोन केला नसता, पाचव्या दिवशी खुडलं असतं! आईने चार दिवस कळ काढायची नाही तर कोणी काढायची?

वहिनीने कात्री आणली, चांगली दुधाळ फांदी बघून कापली, वर्तमानपत्र ओलं केलं. गुंडाळता गुंडाळता तिचे डोळे भरून आले आणि तिने ते कोपराने पुसले. मी म्हटलं, रडताय कशाला, तुमच्याकडे तर अख्खी कुंडी आहे. ती म्हणाली, "कुंडी आहे हो ताई, पण विचारू कोणाला?"

मी जाताना एवढंच म्हटलं, तुम्ही या एकदा टाकी बघायला. ती म्हणाली येते. येईल असं वाटत नाही. आलीच तर कशाला आली हेही बघावं लागेल.

घरी आले, फांदी टाकीत लावली, दिवा लावला. हे म्हणाले, "अगं, शेवाळ…" मी नुसतं बघितलं. काच आता हे घासतात. मासे रात्रभर जागेच असतात की काय देव जाणे, त्यांना तिरकं पोहायचं तर पोहू देत. पहिलं नवीन पान आलं ते अर्धं दुधाळ. त्याच्यामागून एक आलं हिरवंकच्च. मी मशीनवरून उठले, अंगठा बाहेर काढला, डोळे मिटले आणि खुडलं.

आणि आता सगळे विचारत येतात. लेक फोनवर विचारते, टाकीवाला बादली दाराबाहेर ठेवून विचारतो, नर्सबाई बोलत नव्हती, तीही जिन्यात थांबून विचारते, "काकू, लागला का हो तपास? कोण निघालं शेवटी?" हे तर खुर्चीतूनच ओरडतात, "अगं, सांगून टाक एकदाचं, कोणाचं काम होतं?" आणि मी इतक्या जणांवर आळ घेतलेली, इतका गाजावाजा केलेली, मला कोणाचं तरी नाव घ्यायलाच हवं ना? घेतलं. मान खाली घालून, सुईत दोरा ओवत ओवत घेतलं. म्हटलं, कोण असणार दुसरं…

आई.